हंकाकांच्या बोटांतला शब्द

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. फरक इतकाच, की भिंत "हं" म्हणत नाही, हे म्हणतात. काका, चहा घेणार? हं. काका, प्रिंटर कागद खातोय. हं. काका, तुम्हाला नात झाली म्हणे, अभिनंदन! हं. हा शेवटचा जरा लांबला होता, एवढंच. पाठीमागे आम्ही सगळे त्यांना हंकाका म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे, आणि त्यावरही त्यांचं म्हणणं तेच असणार.

बरं, माणूस लाख कामाचा. आमचं ऑफिस भाषांतराचं. करारपत्रं, दाखले, औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद, असलं सगळं आमच्याकडे येतं आणि मराठी होऊन बाहेर पडतं. मी त्यातल्या चुका काढते. मुद्रितशोधक म्हणतात मला, म्हणजे दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरणारी बाई. चष्म्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत, आणि मागे एक बोळकांडी आहे, जिला काका सर्व्हर रूम म्हणतात आणि बाकीचे झाडूची खोली, कारण झाडूही तिथेच राहतो.

काका इथे लागले ते मराठी टायपिस्ट म्हणून. पुढे संगणक वाढले, ते एकमेकांना जोडायची वेळ आली, आणि आमच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना विचारलं, "हे कोणाला जमेल?" खोलीत सगळे गप्प. काकांच्या तोंडून मात्र सवयीने "हं" निघून गेला. झालं! नेटवर्क त्यांच्या गळ्यात पडलं ते आजतागायत. पण काकांनी ते पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुस्तकं आणून वाचली, केबली स्वतः ओढल्या, आणि प्रत्येक यंत्राला एकेका पक्ष्याचं नाव दिलं. रात्रभर जागणारा जुना सर्व्हर म्हणजे घुबड. प्रिंटर कावळा. बाईंचा संगणक गरुड. माझ्या संगणकाचं नाव टिटवी आहे. का, ते मी विचारलेलं नाही, कारण मला उत्तर ऐकायचं नाही.

एकदा मी सहज म्हटलं होतं, "काका, तुमच्याकडे साळुंकी कशी नाही हो? इतका रोजचा पक्षी." त्यावर काकांनी साधं "हं"सुद्धा म्हटलं नाही. उठले आणि झाडूच्या खोलीत गेले. मला वाटलं, घुबडाने हाक मारली असेल.

आता काकू. काकू म्हणजे हंकाकांची बायको. दुपारी जेवायला बसलो की त्यांचा फोन यायचाच. काका फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवतात, त्यामुळे काकूंचा संसार आम्हाला घरच्यासारखा पाठ आहे. "अहो, जेवलात का? ती गळकी तोटी दुरुस्त करायला आला होता तो, काही करून गेला आणि आता दुसरी गळतेय. नातीला दात येतोय, कुणाचंही बोट दिसलं की चावते. तुमचा तो निळा शर्ट मी टाकून दिला, रागावू नका, आधीच सांगते. जेवलात ना पण?" ह्या सगळ्यावर काकांचा एकच हं. माझा जळफळाट व्हायचा. अहो, एवढी रसरशीत बाई ह्या ओंडक्याला मिळाली कशी! काकूंना बिचाऱ्यांना जोडीला एखादा पोपट तरी मिळायला हवा होता.

तर गेल्या महिन्यात घुबड आजारी पडलं. आतून कुरकुर आवाज यायला लागला, मधेच फायली उघडेनात. काकांनी त्याच्या अंगावर हात ठेवला आणि बाईंना सांगितलं, "फार दिवस नाही काढणार." बाईंनी नवा सर्व्हर मागवला. खोकं आलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि काकांचा बाणा आपला हात जगन्नाथ, दुसऱ्याला हात लावू देतील तर शपथ. एकटेच खोकं उचलून जिना चढले, आणि शेवटच्या वळणावर पाय घसरला. पडताना काकांनी खोकं छातीशी धरलं आणि स्वतः जिन्यावर आपटले. सर्व्हरला ओरखडा नाही. काकांचं उजवं मनगट मोडलं. बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर, हात गळ्यात.

बाईंना काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की त्या रागावतात. "काका, घुबड आज बंद पडतंय की उद्या, सांगता येत नाही. शनिवारी ऑफिस बंद असतं, तेव्हा नवा सर्व्हर जोडून टाका. शनिवारी झालं नाही, तर सोमवारी मी बाहेरची माणसं बोलावणार. ती म्हणतात, सगळं मोडून नव्याने बांधू." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू ये मदतीला. ह्यांचा उजवा हात हो." मराठीत ह्यापेक्षा शब्दशः नेमणूक कुणाची झाली नसेल.

जिना उतरताना काका एका हाताने कठडा धरून माझ्या पुढे होते. वर्षअखेरीस ते निवृत्त होणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मधेच थांबून, मागे न बघता म्हणाले, "बाहेरचे आले, तर मी सोमवारपासून येणार नाही. माझ्यासमोर नको मोडायला." काकांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं. ह्या वेळी मीच "हं" म्हटलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं झाडूच्या खोलीत. नवा सर्व्हर पांढराशुभ्र, त्याचं नाव काकांनी आधीच ठरवलं होतं, बगळा. काका डाव्या हाताच्या बोटाने दाखवायचे आणि मी दाबायचे. नाव लिहिलं. घुबडाचा पत्ता दिला, नाहीतर बगळा भलत्याच दारात जाऊन उभा राहिला असता. इथपर्यंत सगळं सुरळीत. आता त्याला डोमेनमध्ये घ्यायचं होतं.

डोमेन म्हणजे काय, ते काकांनी मला कधी समजावलेलं नाही, तेव्हा माझ्या पद्धतीने सांगते. एक मोठं कुटुंब समजा. घरात कोण कोण आहे, कोणी कुठल्या कपाटाला हात लावायचा, हे एकाच वडीलधाऱ्याला ठाऊक. आमच्याकडे तो म्हणजे घुबड. दारात नवं कोणी आलं की घुबड विचारणार, तू कोण, कोणाच्या ओळखीने आलास? तेव्हा घरच्या कर्त्या माणसाने आपलं नाव आणि पासवर्ड देऊन म्हणायचं, आपलाच आहे, घ्या आत. आमच्या घरात कर्ता माणूस एकटे हंकाका. किल्ली दुसऱ्या कोणाकडे दिली की ती हरवते, हे त्यांचं तत्त्व.

स्क्रीनवर चौकट आली. काकांचं नाव मी टाइप केलं. खाली पासवर्डची रिकामी जागा. काका म्हणाले, "तू बाहेर जा."

मी गेले. आतून आवाज येत होता. टक. बराच वेळ काही नाही. टक. मग पुन्हा टक. हे तेच काका, ज्यांची दहा बोटं चालायला लागली की शेजारच्या खोलीत पाऊस पडल्यासारखं वाटतं! थोड्या वेळाने आत डोकावले, तर काका कीबोर्डकडे टक लावून बघत होते, अनोळखी गावात उतरलेल्या माणसासारखे. पाच वेळा चुकल्यामुळे घुबडाने दार लावून घेतलं होतं. अर्धा तास थांबा म्हणे.

"आठवत नाही?" मी विचारलं.

"बोटांना आठवतं. मला नाही. आणि हा..." काकांनी डावा हात वर केला, "ह्याला अर्धंच माहीत आहे."

"पण शब्द तर ठाऊक असेल?"

"हं."

"मग सांगा की. मी कुठे गावभर करणार आहे?"

हे म्हणताना माझ्या चेहऱ्यावर विश्वास बसण्यासारखं काही नव्हतं, कबूल. तेवढ्यात बाईंचा फोन. "झालं का? नाही? मग मी त्या लोकांना सोमवारचं नक्की कळवू ना?" काकांनी फोन खाली ठेवला. घुबड कुरकुरलं. काका उठले, कोपऱ्यातल्या झाडूकडे तोंड करून उभे राहिले, आणि झाडूला सांगितलं, "साळुंकी. शेवटी टिंब."

मी हसले नाही. खरंच नाही हसले. साळुंकी कशी नाही, हे मी विचारलेलं मला आठवलं, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या.

"मराठीत आहे," ते म्हणाले. "कीबोर्ड मराठी कर."

घुबडाने पुन्हा दार उघडल्यावर मी कीबोर्ड मराठी केला आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शुद्ध "साळुंकी" लिहिलं. ळ ला ऱ्हस्व उकार, वर अनुस्वार, की दीर्घ, आणि टिंब. चूक! मला शुद्धलेखनात चूक म्हणणारं हे पहिलंच यंत्र. काकांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "काका, तुम्ही तेव्हा इंग्रजी अक्षरांत लिहिलं असेल." आता इंग्रजीत ळ ला मुळी जागाच नाही. एक एल घाला, दोन घाला, मोठा घाला. काना एका ए चा की दोन ए चा? की ला आय का डबल ई? एकेक पर्याय घालत गेले आणि घुबडाने पुन्हा दार लावलं. अर्ध्या तासाने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. माझ्या नाकी नऊ आले. काका खुर्चीत मागे टेकून बसले होते. "राहू दे," म्हणाले. "येऊ देत बाहेरचे." एवढं बोलून त्यांनी बगळ्याच्या खोक्यातला थर्माकोल नीट खोक्यात भरायला घेतला, एका हाताने, जणू परतच पाठवायचा होता. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांचं काम, आणि अडलं कशावर, तर एका पक्ष्यावर.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज ऐकू आला. माणूस नंतर, आवाज आधी. "फोन का उचलत नाही हो? मी म्हटलं, पडले की काय पुन्हा! आणि एका हाताने जेवणार कसे, डब्याचं झाकण तरी उघडेल का? हा जिना म्हणजे काय जिना आहे, ह्याला आधी प्लास्टर घाला." काकू डबा घेऊन दारात. त्यांनी आमच्या दोघांचे चेहरे बघितले, आणि चक्क गप्प झाल्या.

मी सगळं सांगितलं. घुबड, बगळा, सोमवार, बाहेरची माणसं. शब्द तेवढा गिळला. जिभेच्या टोकावर आलेला शब्द गिळणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

काकूंनी डबा झाडूशेजारी ठेवला. "अहो, हा पासवर्ड ठेवला तेव्हा तुम्ही काय लिहिताय ते दिसत होतं का?"

"नाही. नुसती टिंबं दिसतात."

"आणि कीबोर्ड मराठी आहे की इंग्रजी, ते बघितलं होतं?"

काका कीबोर्डकडे बघायला लागले. काकू कपाळाला हात लावून हसायला लागल्या. "बघा! माणूस बदलत नाही ते नाहीच." मग मला म्हणाल्या, "आम्ही दोघं एकाच टायपिंगच्या क्लासात होतो गं. सरांनी सगळ्या कळांवर कागद चिकटवले होते. बोटांनी शिकायचं, डोळ्यांनी नाही. हे इतके तरबेज, की पडद्याकडेही बघायचे नाहीत. परीक्षेत ह्यांनी पानभर मराठी बडवलं, आणि मशीन इंग्रजीत! आख्खं पान एम ई एन जी. मी शेजारी बसून पोट धरधरून हसले. तीच आमची ओळख."

मला लख्ख उजेड पडला. काकांची बोटं मराठी लिहीत होती आणि यंत्र इंग्रजी ऐकत होतं. इतकी वर्षं दोघांनाही आपलं बरोबर चाललंय असंच वाटत होतं, आणि दार रोज उघडत होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"सरका," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. कीबोर्ड इंग्रजी केला. दहा बोटं जागेवर ठेवली, पाठ ताठ, क्लासातल्यासारखी. "हं, बोला. काय शब्द आहे?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"अहो, सांगा लवकर. डबा गार होतोय."

"साळुंकी," काका म्हणाले.

"कुठंय?" काकूंनी खिडकीकडे बघितलं. "असू दे साळुंकी, शब्द सांगा."

"तोच."

काकूंची बोटं कळांवर तशीच राहिली. त्या वळल्या नाहीत. मग इतक्या हळू आवाजात की ह्या त्याच काकू का असं मला वाटलं, म्हणाल्या, "क्लासात सर मला म्हणायचे. ए साळुंकी, तोंड बंद. सगळी पोरं चिडवायची. तुम्ही एकटे कधी म्हणाला नाहीत."

"हं."

"मला वाटायचं, तुम्हाला माझी बडबड आवडत नाही. म्हणून नुसतं हं करता."

काका झाडूकडे बघत होते. "रोज सकाळी आल्यावर आधी तेच लिहितो," ते म्हणाले. "मगच सगळं सुरू होतं."

तसं ते यंत्रापुरतं खरंच होतं. पण मी रुमाल काढला. लाज कशाची, डोळे भरून आले होते.

काकूंनी डोळे मिटले आणि लिहिलं. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. स साठी एम, काना ई वर, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ, उकाराला जी, अनुस्वाराला एक्स. क तेवढा के वर, त्या एका अक्षरावर दोन्ही भाषांचं जमतं. वेलांटीला आर. शेवटी टिंब. इंग्रजीत वाचायला गेलं तर जीभ मोडेल असा तो शब्द, आणि काकूंच्या बोटांनी एका दमात लिहिला, जरासुद्धा न अडखळता.

बगळ्याने क्षणभर विचार केला. मग स्क्रीनवर अक्षरं आली, डोमेनमध्ये आपलं स्वागत आहे.

मी ओरडले. टिटवी का म्हणतात ते बहुतेक ह्यावरूनच ठरलं असावं. काकांनी डावा हात बगळ्याच्या पांढऱ्या अंगावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग बाईंना फोन करून सांगितलं, "जोडला. सोमवारी कोणी नको." पुढे संध्याकाळपर्यंत घुबडातल्या फायली बगळ्याकडे येत राहिल्या, आणि काकू काकांना घास भरवत बसल्या. काकांनी एकदाही नको म्हटलं नाही. मी मधेच काहीतरी निमित्त काढून खाली चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. चष्मा मला लागत नाही.

निघताना काकूंनी त्यांना बजावलं, "आता तो पासवर्ड बदला. हिला कळलाय, म्हणजे सोमवारी सगळ्यांना कळणार." एवढी बदनामी ऐकूनही मी गप्प बसले. काकांनी तिथल्या तिथे बदलला, ह्या वेळी पडद्याकडे नीट बघून. नवा काय ठेवला ते मला ठाऊक नाही. डाव्या हाताने एकेक कळ शोधत, सावकाश लिहिला.

सोमवारी सगळे आले. कोणाला काही वेगळं जाणवलं नाही, हेच काकांचं कौतुक. कावळा कागद खात होता, बाई गरुडावर बसून रागावत होत्या, म्हणजे खूश होत्या. दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि नेहमीच्या वेळेला फोन वाजला. काकांनी डाव्या हाताने उचलला. काकूंचा आवाज खोलीभर पसरला, "अहो, जेवलात का? आज तोटीवाला पुन्हा येणार आहे, मी त्याला म्हटलं..."

"जेवतोय," काका म्हणाले. "सांग पुढे, साळुंकी."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. फोनमधून काहीच आवाज येईना. लाइन तुटली की काय म्हणून काकांनी फोन कानापासून दूर धरून बघितला. मग पलीकडून काकू म्हणाल्या, "हं."